तहानेने लक्षात ठेवलेला रस्ता

एकशेचौऱ्याण्णव नंबरची बस मी बावीस वर्षं चालवली.
टिप्टनहून क्रॅडलीपर्यंत सत्तेचाळीस थांबे.
त्यातले एकोणीस पबच्या नावाचे,
देवाच्या वाट्याला चारच.

पहिल्या आठवड्यात क्लेम हिंगली शेजारी उभा राहून शिकवायचा:
रस्ता डोळ्यांनी लक्षात ठेवू नकोस, पोरा,
तहानेने ठेव.
'पॅक हॉर्स'नंतर उतार, गिअर आधीच टाक.
'बेल अँड बेलोज'ला डावीकडे.
'थ्री फर्नेसेस'ला जरा जास्त थांब,
तिथं बायका पिशव्या घेऊन चढतात
आणि पुरुष पिशवीशिवाय उतरतात.

'पॅक हॉर्स'मध्ये आता बाथरूमच्या फरशा विकतात.
'बेल अँड बेलोज' एका रविवारी पहाटे जळलं.
पोलीस आले, विम्यावाले आले, बुलडोझर आला.
आधी कोण आलं, यावर अजून पैजा लागतात,
फक्त त्या लावायला पब उरला नाही.
'थ्री फर्नेसेस'च्या जागी खडी आहे
आणि खडीतून उगवलेलं जांभळ्या तुऱ्यांचं रान,
कुणी न लावलेलं.

सेंट ऑस्विनचा मनोरा मात्र जागेवर आहे.
अर्धा काळा.
चौऱ्याहत्तर साली धुवायला काढला, वरून खाली,
आणि पैसे घड्याळापाशी संपले.
तेव्हापासून वर लोणी, खाली तवा.
नवा पाद्री आला की म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की.
हेटी फॉक्सॉल म्हणते, हात तर लावून बघा.
वरचा अर्धा देवाचा असेल,
खालचा आमच्या धुराड्यांनी रंगवलाय.

आणि साखळ्या घडवणाऱ्या बायकांचं ते चॅपेल,
दिवसभर घण मारून आठवड्याला पेनी-पेनी जोडून उभं केलेलं,
तिथं आता गुरुद्वारा आहे.
टोप्यांच्या खुंट्यांवर अजून जुने आकडे आहेत,
त्यांच्याखाली चपला.
उजागर सिंगने मला एकदा कोनशिला दाखवली.
अकरा बायकांची नावं.
वैशाखीच्या आधी तो ती टूथब्रशने घासतो.
मी विचारलं, कशाला?
तो म्हणाला, घर आधी कुणाचं होतं
हे माहीत असलं की झोप नीट लागते.
मग चहा दिला, वेलची घातलेला,
आणि माझी बस चार मिनिटं उशिरा सुटली.

पुढे बसमध्ये यंत्र बसवलं. त्यात एक बाई बोलायची.
पुढचा थांबा: थ्री फर्नेसेस.
समोर खडी,
आणि हिचा आवाज असा
जणू आत दिवे लागलेत, कुणीतरी नळ पुसतंय.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
एका पोराने मला विचारलं, कुठायत तीन भट्ट्या?
उत्तर माझ्याकडे होतं, बरंच लांब,
पण सिग्नल हिरवा झाला.

गेल्या नोव्हेंबरात तिलाही सांगण्यात आलं.
पुढचा थांबा: रिटेल पार्क, उत्तर.

त्या गुरुवारी हेटी मागे बसली होती,
नावाची वाट बघत.
नाव आलं नाही.
काठी टेकत पुढे आली तेव्हा आम्ही वळणाच्या पार होतो.
काय रे, फर्नेसेस गेलं?
गेलं, म्हटलं, मागेच.
आणि नियम मोडून बस थांबवली, उलटे दिवे लावून,
जिथं थांबा नाही, खांब नाही, काहीच नाही.

ती उतरली आणि खडीवरून आडवी निघाली,
तिच्या घराचा तोच जवळचा रस्ता.
मध्येच एका जागी
तिने पाय उचलला,
उंच, सवयीने,
जसा दगडी उंबऱ्यावर उचलतात,
आणि पलीकडे ठेवला.

मागची व्हॅन हॉर्न वाजवत होती.
मी आरशात बघत राहिलो.