डावीकडे

पहाटे पाचला नॉटिंगहॅमच्या रिंकवर मी बर्फ सारवतो.
म्हणजे यंत्र चालवतो, पण फोनवर आईला
सारवतो असंच सांगितलंय,
आणि ते खोटंही नाही.

तेव्हा प्यो दक-सू येतो.
काळे रबरी ठोकळे मांडतो,
सात या वळणावर, सात त्या.
पोरं अजून बाहेर गाड्यांत पेंगत असतात.

मी एकदा विचारलं, किती वर्षं शर्यतीत होतास?
एकोणीस.
आणि पोचलास कुठवर?
त्याने बोटाने हवेत एक लांबट गोल काढला.

त्यांच्याकडे निवड चाचणी हीच खरी लढाई.
तिघं जाणार होते, तो चौथा आला.
पुढच्या खेपेला परत चौथा.
आमच्यात याला डावलणं म्हणतात, मी म्हणालो,
आणि बोलता बोलता माझ्याच कानाला लागलं
की शब्दात डावा हात बसलाय.
समजावून सांगितलं तसा तो खो खो हसला:
मग मी जन्मभर डावललेला, उजवीकडे वळलोय कधी?

तिसऱ्यांदा गेला. अंतिम फेरी.
दोन फेऱ्या उरलेल्या, पुढचा घसरला
आणि जाताना याला घेऊन गेला, थेट गादीवर.
चूक याची नव्हती.
निकालाच्या कागदावर त्यासाठी रकाना नसतो.

इथे त्याला इंग्रजीचे तीन शब्द पुरतात:
लो. लोअर. नाऊ.
नऊ वर्षांची टॅन्सी वळणावर झुकते,
डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकवते,
घाईत पाया पडल्यासारखी,
आणि आपटते.
तो तिला उचलत नाही.
बादलीभर पाणी आणून
पात्यांनी ओरबाडलेल्या वळणावर ओततो,
ती उठेपर्यंत ते गोठत येतं.

मी यंत्र उजव्या अंगाने फिरवतो.
मॅनेजर म्हणतो, कसंही फिरव, तासात आटप.
पण उलटी प्रदक्षिणा माझ्या हातून होत नाही,
आणि हा माणूस एकोणीस वर्षं तीच घालत होता.

मागच्या मंगळवारी गुडघा फार दुखत होता,
म्हणून मी त्याला वर शेजारी घेतलं.
सरळ पट्टीवर तो काहीबाही बोलत होता,
सोलच्या थंडीबद्दल, मुलीच्या फीबद्दल.
वळण आलं.
आम्ही चालत्या माणसाहूनही हळू होतो,
तरी उजवीकडे वळताना
त्याने दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली.