दीड हात

गुंजी स्टेशनच्या बोर्डावर तीन ओळी.
वरची कन्नड, खालची इंग्रजी,
मधली देवनागरी. ती हिंदी आहे,
असं रंगारी मान वर न करता म्हणाला.
बाबा म्हणाले, असू दे की,
आम्ही मराठीत वाचतो.

बाबा, म्हणजे म्हात्रू सातेरी गुरव, पॉइंट्समन.
डाव्या कोपराखाली त्यांना
काळानिळा वळ होता, कायमचा.
लग्नाच्या फोटोतही तो
बाहीतून डोकावतोय.

वेताचं कडं, कड्याला चामड्याची पिशवी,
पिशवीत पोलादी गोळा,
गोळ्यावर पुढच्या स्टेशनचं नाव.
गोळा ज्याच्या हातात, त्याची लाईन.
समोरून दुसरी गाडी येणार नाही
याची हमी काय ती तेवढीच,
मुठीत मावणारी.

न थांबणारी मेल यायची
तेव्हा बाबा मशालीशेजारी उभे राहत,
एका हातानं द्यायचं कडं उंच धरून.
दुसरा हात नुसता पुढे.
त्यावर धावत्या गाडीतून कडं येऊन आदळे.
मग शेवटच्या डब्याचा लाल दिवा
गुंजीच्या रानात बुडेपर्यंत
ते हात झटकत राहत.

इंजिन ग्लासगोचं,
कोळसा सिंगरेणीचा,
पाणी मलप्रभेचं,
ड्रायव्हर लोंढ्याचा पास्कल मिनेझिस.
आणि रुळाखालच्या पोलादी स्लीपरवर
जुन्या कंपनीचं नाव, सदर्न मराठा.
यात मराठा नेमका कोणता?
बाबांनी एकदा विचारलं.
मिनेझिसनं थोडा विचार केला.
शिट्टी, म्हणाला.

मिरजेला गाडी बदलावी लागे.
पलीकडे पुण्याची रुंद लाईन,
अलीकडे आमची अरुंद, एक मीटरची.
मधल्या फलाटावर हमाल
गुळाच्या ढेपा, तंबाखूची पोती
या डब्यातून त्या डब्यात टाकत,
आणि आई डोक्यावर काजूची पिशवी घेऊन
म्हणायची, हात सोडू नकोस,
ती गाडी आपली नव्हे.
सीमा कुठं आहे यावर मोठी माणसं
तेव्हाही कागद रंगवत होती.
मला ती मिरजेच्या फलाटावर दिसलेली.
फार मोठी नव्हती.

नव्वदीत कधीतरी रुंदीकरण आलं.
गँगची माणसं आली, परमुलखातली,
तंबूत राहिली, आमच्या विहिरीचं पाणी प्याली,
जुने रूळ उपटून ढीग घातले.
ज्या दिवशी नवी जोडी पडली
बाबा खाली उतरले, उकिडवे बसले,
आणि टेप असताना
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत
आपल्या हातानं मोजू लागले.
जुन्यापेक्षा किती जास्त?
एक हात, आणि वर अर्धा.
दीड हात, ते म्हणाले.
एवढ्यासाठी शंभर वर्षं पोती उचलली.

गोळे परत द्यावे लागले,
सही करून, मोजून, पावतीवर.
कड्यांमधलं एक मात्र त्यांनी स्वतः
जांबोटीच्या वेतानं बांधलं होतं
सरकारी तुटल्यावर.
ते कुठल्या रजिस्टरात नव्हतं.
माझ्या भावानं ते अंगणात इतकं पळवलं
की शेवटी आईनं त्यावर
दुधाचं पातेलं टेकवायला सुरुवात केली.

रुळाचा एक तुकडा लिलावात घेतला,
गोठ्याला खांब म्हणून.
त्याच्या पोटावर कारखान्याचं नाव
आणि साल, उठावाच्या आकड्यांत.
पाहुणे आले की बाबा
कंदील जवळ धरून वाचायला लावत,
अठराशे, पुढे काय दिसतंय बघ.
आता ते नाहीत. खांब आहे.
लोंढ्याकडून विजेची गाडी येते,
गुंजीला न थांबता जाते,
कुणाच्या हातावर काही आदळत नाही.

म्हैस मान खाजवते त्याच जागी, रोज.
अठराशेमधल्या इंग्रजी आठाचा
वरचा डोळा तिनं मिटवलाय.
खालचा अजून उघडा आहे.