मधली रिळं

आमच्या गावाचं नावच लष्कर,
त्यामुळे लढाई सुरू झाली तेव्हा
पहिले काही महिने कुणाला फरक कळला नाही.

प्रिंट एक, टॉकीज दोन.
बाड्यापाशी सरोज, मुरारला छावणी.
इथलं रीळ संपलं की डबा कॅरियरला आवळायचा
आणि दोन कोस पॅडल मारायचं.
महिना आठ रुपये. सायकल मालकाची, पंक्चर माझं.

तिसऱ्या रिळात प्रेम असायचं:
गच्ची, पुठ्ठ्याचा चंद्र, दातांत पदराचं टोक.
सातव्यात खून.
दोन्हींचं वजन मला ठाऊक होतं.
सारखंच असतं.

अख्खा सिनेमा मी एकही पाहिला नाही.
ती शेवटी कुणाला हो म्हणाली
ते मुरारचे टांगेवाले सांगत.
खुनी कोण, ते करामतखाँ ऑपरेटर,
केबिनच्या बाहेर येऊन, विडी पेटवताना.
आत पेटवायची नाही.
फिल्म कापरासारखी जाते, म्हणायचे,
मागे राखसुद्धा ठेवत नाही.

खेळाआधी लढाईची चित्रं दाखवायची,
असा वरून हुकूम होता.
लोक तेवढ्यात गजक आणायला जात.
थंडीतल्या एका संध्याकाळी
ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा चिखलातून
ग्वाल्हेरची पलटण चालत गेली
आणि जनान्याच्या पडद्याआडून कुणी ओरडलं,
"तिसरे! डावीकडून तिसरे!"

सगुणावहिनीचा आवाज एवढा मोठा आहे
हे मला तोवर माहीत नव्हतं.
तुळाजीदादाचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते.

त्या आठवड्यात ती चारदा आली.
रांग चालून जाई, मग वाजंत्री, मग नायिकेचं नाव,
आणि वहिनी उठून घरी, भाकऱ्या करायला.
तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठी पुरं तिकीट.

शुक्रवारी प्रिंट झाशीला जाणार होती.
गुरुवारी रात्री पुलाखाली मी सायकल लावली,
डबा उघडला, बॅटरी दातांत धरली,
आणि आजोबांच्या अडकित्त्यानं चार चौकटी कापल्या.
टोकं खरवडली, जोडली,
करामतखाँच्या बाटलीतला चोरलेला मसाला लावून.
हात असे कापत होते
की मला वाटलं, सातव्या रिळातला तो माणूस
उगाचच एवढा शांत दाखवलाय.

मुरारला त्या रात्री
अख्खी पलटण एका जागी दचकून पुढे सरकली,
मागून कुणी ढकलल्यासारखी.
प्रेक्षक हसले.
मालकानं करामतखाँचा रुपया कापला.
ते म्हणाले, कमाल है, मैंने तो हाथ भी नहीं लगाया.
मी चेन पुसत होतो.

नखाएवढा दादा कुंकवाच्या करंड्यात राहिला.
दिवेलागणीला वहिनी त्याला कंदिलासमोर धरी,
चारही चौकटी, एकेक करून.
चारीत तो तसाच, फक्त पाय जरासा पुढे.
एकदा मला म्हणाली,
"भावजी, किती हळू येतायत."

दादा आला तो शेहेचाळीसच्या माघात.
हिवतापानं पिवळा, मिशी नाही.
जेवण झाल्यावर वहिनीनं लाजत करंडा काढला.
त्यानं चौकट उजेडाकडे धरली.
बराच वेळ धरली.

"हा मी नव्हे," म्हणाला.
"हा भिंडचा मोहरसिंग.
पुढच्या नाल्यापर्यंतच होता."

कंदिलाची काच कुणी तरी पुसायला हवी होती.
वहिनीनं त्याच्या हातातून चौकटी घेतल्या,
पदरानं पुसल्या,
आणि परत करंड्यात ठेवल्या,
होत्या तिथंच, कुंकवाच्या कागदाखाली.
दादानं पाहिलं.
तो पाणी प्यायला.

मला पाचवं रीळ पोचवायचं होतं.
उशीर झाला की मुरारचे लोक खुर्च्या आपटतात.
करामतखाँनी डबा हातात दिला,
नुकताच यंत्रातून निघालेला, ऊन ऊन.
रुपयाचं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं.
ते म्हणाले, चल, भाग.
मी भागलो.