उतार

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कागदावर मान काढली,
उजव्या बाजूला जाड रेघ, तिच्यावर फुली.
गाठींबरोबर ही शीरही काढावी लागली, म्हणाले,
डोक्यातलं रक्त खाली उतरायची ही मोठी वाट.

ह्यांना बोलता येत नव्हतं. गळ्यात नळी.
पेन मागून घेतलं आणि फुलीखाली लिहिलं,
"उघाडी बुजयलात?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.
मी सांगितलं, आमच्या मिठबावच्या खाजणात
बांधाला लाकडी झडप असते, तिला म्हणतात उघाडी.
ओहोटीला आतलं पाणी सोडते,
भरतीला आपसूक मिटते.
तीस वर्षं हे ती राखत आले.

डॉक्टर हसले नाहीत. स्टूल जवळ ओढलं.
उभं असताना ही शीर तशीही मिटलेलीच असते, म्हणाले,
रक्त मणक्याभोवतीच्या बारीक जाळ्यातून उतरतं.
आडवं झालं की मात्र हिचं काम.
डावी आहे अजून. बाकीच्या वाटा रुंदावतील.
वेळ द्या.

आता घरी.
पडवीत आरामखुर्चीला दोन उशा बांधल्यात
आणि गुरवांच्या नंदाने दिलेली तिसरी, कापूस बाहेर आलेली.
रात्री हे घसरतात.
पहाटे तोंड फुगतं,
उजवा डोळा आंबोळीत रुतल्यासारखा.
मी कपाळावर अंगठा दाबते आणि आकडे मोजते.
पहिल्या आठवड्यात खळगा वीसपर्यंत राहायचा.
काल अकरा.
मध्ये एकदा सव्वीस; त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

कानशिलावर एक निळी शीर वर आली आहे,
चौतीस वर्षांत मी न पाहिलेली.
कानाला वळसा घालून
मानेमागे कुठेतरी जाते.
बोटाने माग काढायला गेले तर हात झटकला.
"व्हाळ आसा तो," घोगरं, नळी काढल्यापासूनचं पहिलं सबंध वाक्य,
"तेका आडवू नको."

तंबाखूच्या डबीचं विचारत नाहीत.
खाडीत टाकली, हे मीही सांगत नाही.

बांधावर आता केळुसकरांचा उदय जातो.
झडप त्याच्याच्याने नीट बसत नाही,
खारं पाणी आत शिरतं.
हे खुर्चीतून ओहोटीची वेळ बोटांवर दाखवतात.

दिवा मालवून मी आडवी होते, सपाट, बिनउशीची.
हातावर कान टेकला की
माझंच रक्त ऐकू येतं,
कुणाला न विचारता येणारं जाणारं.
लाज वाटते.
कूस बदलते.
तिकडेही.