कोटेशन

तीस वर्षं मी कोटेशन देत आलोय.
उद्यमबागेत, तिसऱ्या क्रॉसला, तापलेल्या पत्र्याखाली :
मटेरियल वेगळं, जॉबवर्क वेगळं, हार्ड क्रोमचे वेगळे,
आणि तळाला बारीक अक्षरात,
दर पंधरा दिवसांपुरते.
आज पहिल्यांदा कुणी मला दिलं.

कागद इंग्रजीत, शिक्का कानडीत.
डॉक्टर पोरसवदा, हुबळीकडचा.
टेबलावर नमुना ठेवला त्यानं :
दोन नळ्या, एक टाकी, चिमटीत मावेल एवढा पंप.
मी उचलून उजेडात धरला. सील कसलं?
लीक झालं तर खोलायचं कुठनं?
तो हसला, पेशंट हे विचारत नाहीत म्हणाला.
म्हटलं, साहेब, मी सिलिंडरच बनवतो,
टिपरचा हौदा वर करणारे.
दहा टन खडी उचलतो माझा माल, आणि
पुढचं गिळलं.

सळीचं मॉडेल एक लाख नव्वद.
पंपाचं पाच चाळीस, टॅक्स वेगळा,
बाहेरचा माल, डॉलरवर वर-खाली.
इन्शुरन्सवाला फोनवरच म्हणाला, हे गरजेत बसत नाही.
साखर बसते.
साखरेनं डोळा गेला तर डोळा बसतो,
पाय कापायचा झाला तर पाय.
हे नाही.

या दुखण्याला मी मराठीत शब्द शोधला.
डॉक्टरी पुस्तकातला तोंडात मावत नाही,
तोंडात मावतात त्या सगळ्या शिव्या.
कानडीतही तसंच असणार,
फिटर बसप्पाला माहीत असेल, पण विचारणार कोण?
इतकी वर्षं भांडलेल्या दोन भाषा,
इथं मात्र दोघींचं एकमत.

शनिवारच्या भिशीत यंदाची उचल मी मागितली.
कशाला रे भरमा?
हर्निया.
हर्नियाला एवढं?
दोन्ही बाजूचा हाय.
धारवाडला स्वस्तात करतात की गा, एक जण म्हणाला.
बघूलालोय, म्हटलं, आणि चहा सांडला.

तरी सत्तर हजार कमी पडत होते.
यल्लूनं बोरमाळ काढून डब्यावर ठेवली
तेव्हा मी भडकलो. माझ्या दुखण्याला तुझं सोनं नको.
ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.
"मला त्याचं काय पडलंय? पन्नाशीला आलो की आपण.
पण सात वर्षं झाली,
तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपूलालाय.
त्या भिंतीच्या गळ्यात घालू काय ही?"
भाकरी तव्यावर पडली.
मी नळाखाली हात धुतले, धुतलेलेच होते.

शहापूरच्या सोनारानं मणी मोजता मोजता विचारलं,
लग्न काढलंय काय घरात?
व्हय, यल्लू म्हणाली.
जुनंच.

काउंटरवर पोरगी होती, विशीतली.
रोक्का यावाग कट्टतीरी, अण्णार?
माझ्या मागं लाइनीत सात-आठ माणसं,
एक ओळखीचं, कंग्राळीचं.
आत्ताच, म्हटलं, आणि बंडल पुढं सरकवलं.
नोटा मोजणारं मशीन दोनदा अडकलं.
तिनं स्क्रीनवरचं नाव वाचायला तोंड उघडलं,
मग माझ्याकडं बघितलं, मिटलं,
आणि पावतीवर हातानं लिहिलं : सर्जरी.
एवढंच. उरलेले ॲडमिटच्या दिवशी.

मी सळीचं घेतलं.
पैसे, हे एक. दुसरं म्हणजे
पंप बिघडतो, हे मला कुणी सांगायला नको.

संध्याकाळी शेडमध्ये गोकाकच्या पार्टीचा फोन.
भरमाण्णा, दर जरा खाली घ्या की.
एरवी मी पाच टक्के सोडतो, कधी सात.
लेथ बंद केलं. चक हळूहळू थांबला.
म्हटलं, नाही जमणार.
आणि बघा, पंधराच दिवस हाईत.