मॉड्यूल सात, चार मिनिटं बारा सेकंद

आग्नेलच्या माडीवरच्या खोलीत
भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत,
खिडकीच्या फटीत त्याच्या आईचे जुने मोजे.
पंखा बंद. पंख्याचाही आवाज येतो म्हणे.
घाम पुसायचा तो वाक्य संपल्यावर,
पूर्णविराम आणि पुढचा परिच्छेद यांच्या मधल्या गल्लीत.

मी वाचते:
"बेवारस पिशवी दिसल्यास तिला हात लावू नका.
स्वतः मागे व्हा. इतरांना मागे करा.
वायरलेस त्या जागेजवळ वापरू नका."
आयुष्यात बेवारस अशी मी पाहिली ती एक छत्री,
खोर्लीच्या शाळेत, शेवटच्या दिवशी,
पट चार मुलांवर आला आणि दाराला कुलूप लागलं तेव्हा.
ती मी सरळ उचलून घरी आणली.

आता माझ्या वर्गात किती जण बसतात
मला कुणी सांगितलेलं नाही.
वेर्ण्याच्या कारखान्यांवरचे पहारेकरी, बंदरावरचे,
काही खरोखरचे जवान, कुठले ते विचारायचं नाही.
रात्रपाळीत डब्याला टेकवून मोबाइल उभा करतात
आणि मला ऐकतात.
मला पुढे पळवता येत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही.
दर धड्याअखेर मी विचारते, "समजलं?"
आणि तीन सेकंद थांबते.
हे थांबणं संहितेत नव्हतं.
वर्गातली सवय. हात वर यायला तेवढा वेळ लागतो.
आग्नेल म्हणाला, राहू दे टीचर, बरं वाटतं.

मग मार्चमध्ये पुण्याहून कंपनीची मेल:
मॉड्यूल सात, चार मिनिटं बारा सेकंद,
पार्श्वभूमीला अनोळखी ध्वनी. तपासा.

तपासलं.
"संशयास्पद आवाज ऐकू आल्यास", इथे मी श्वास घेते,
आणि त्या श्वासात, मोजे, गोधड्या, सगळं ओलांडून
पोंय... पोंय...
आमचा कायतान पोदेर.
सायकल जुनी, भोंपू तिच्याहून जुना.
आग्नेल हसता हसता खाटेवर आडवा.

सोबत अभिप्रायांचा तक्ता होता.
ठीक. ठीक. छान. आवाज लहान आहे. ठीक.
एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीत
पी. झर्मेकर, हुद्दा रिकामा, ठिकाण रिकामं:
"मॅडम सातव्यात मागे पोदेर वाजवतो
तो सकाळचा की सांजेचा
इथे आमच्यात पैज लागली आहे
आम्ही दोघं वाळपयचे एक काणकोणचा
बाकीच्यांना ऐकूच येत नाही"

एकही विरामचिन्ह नाही.
तांबड्या पेनासाठी हात टेबलावर फिरला माझा,
आणि तसाच परत आला.

उत्तर लिहायला त्या तक्त्यात रकाना नव्हता.
विचारलं, तर कंपनी म्हणाली,
शिकणाऱ्यांशी संपर्क नियमात बसत नाही.
सात नंबर पुन्हा वाचून पाठवला, स्वच्छ,
पहाटे तीनला, कुत्रीसुद्धा झोपली असताना.
जुन्या फाइलवरची वेळ मात्र मी बघून ठेवली होती.

मॉड्यूल नऊ. गेटवरील तपासणी.
संहितेत होतं, "उदाहरणार्थ, एखादं अनोळखी वाहन."
मी वाचलं,
"उदाहरणार्थ, संध्याकाळी पावणेसहाला
रोजचा सायकलवाला पाव घेऊन येतो.
ओळखीचा आहे म्हणून सोडू नका.
निळं प्लास्टिक बाजूला करा.
टोपलीत हात घाला.
उंडे गरम आहेत का, पाहा.
समजलं?"

आग्नेलने माझ्याकडे बघितलं,
बटणावरचं बोट उचललं नाही.
तीन सेकंद.
मी पाच थांबले.