तीनपासून पुढे

आमदारांची गाडी नळेगावात अडकली होती.
मुहूर्त बारा पस्तीसचा, घड्याळात एक वाजून दहा.
अक्षतांची रंगीत ज्वारी
मुठीमुठीत घामानं चिकटायला लागली,
लेकरं ती चघळायला लागली,
तेव्हा निवेदक म्हणाला, तोवर
नवरीचे मामा दोन शब्द बोलतील.

मला वाटलं, दुसरे कुणी मामा असतील.
पण शिवलीलाला मामा एकच,
मोटर वायंडिंगवाला, देगलूर रोड, उदगीर,
जो गिऱ्हाइकाला भावसुद्धा
पाटीवर खडूनं लिहून दाखवतो.

मेहुण्यानं पाठीला हात लावला.
"जा की. काय करलालास?"
स्टेजला पायऱ्या चार होत्या.
मी पाच चढलो.

माईक हातात आला आणि
चौथीतला सतरा सप्टेंबर आला.
झेंड्याखाली, थोरल्या भावाच्या सदऱ्यात,
अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग
आणि माझ्या बालमित्रांनो,
आणि पुढे काही नाही.
पुढचं सगळं पाठ होतं. अजून आहे, तारखांसकट.
फक्त बालमित्रांनो म्हटल्यावर
तार तुटली.
गुरुजींनीच टाळ्या वाजवल्या, म्हणाले, बस.
तेव्हा बसलेला मी
बेचाळीस वर्षांनी उठत होतो.

समोर हजारभर माणूस, फेटे, पदर, मोबाइल.
मला ऐकू येत होतं एवढंच, की
डावीकडच्या दुसऱ्या कूलरचं बेअरिंग गेलंय.
आज ना उद्या जाम होणार.
हे सांगावं का?
हे मला नीट सांगता आलं असतं.

शरणार्थ, म्हणालो.
माईक किंचाळला.
मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येईना मामा!"
मग ना माझा आवाज, ना त्यांचा.

मी पोरीकडे बघितलं.
मुंडावळ्यांच्या आड तिचे ओठ हलत होते.
एक.
दोन.

शाळा सुटली की ही दुकानात यायची,
उपड्या डब्यावर बसून माझे वेढे मोजायची.
तार मी गुंडाळायचो, आकडा तिच्या तोंडी.
एका कॉइलला अडुसष्ट.
दोन-चार कमी पडले की मोटर जळते
आणि तीच मोटर खांद्यावर घेऊन
गिऱ्हाईक शिव्या देत परत येतं.
कुणी काही विचारलं तर उत्तरही तीच द्यायची:
"मामा म्हणतो उद्या या. एक्केचाळीस. बेचाळीस."
सहा वर्षं दुकानाला जो आवाज होता
तो तिचा होता.

"तीन," मी माईकमध्ये म्हणालो.
लोक हसले. नवरदेवही हसला, बिचारा.
मी चार म्हणालो. पाच म्हणालो.
सहाला कुठंतरी टोक सापडलं
आणि मी बोलायला लागलो.

काय बोललो, धड आठवत नाही.
व्हिडिओवाल्याकडे आहे, मी बघितलेलं नाही.
डब्याचं बोललो बहुतेक.
तिच्या बोटांना लागणाऱ्या वार्निशचं,
जे तिची आई रॉकेलनं खरडून काढायची
आणि मला नावं ठेवायची.
जावईबापू, म्हणालो,
हिला मोजता मोजता मधेच कुणी बोलवलं
तरी हिचा आकडा चुकत नाही, तेव्हा तुम्ही

आणि बाहेर बँड वाजला.
आमदार आले.
निवेदकानं माईक काढून घेतला, हलक्या हातानं,
झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खुळखुळा घ्यावा तसा.
सगळे उठले. ज्वारी उडाली.
थोडी माझ्या कॉलरमध्ये गेली,
रात्री अंघोळीला सापडली.

पाठवणीच्या वेळी तिनं गाडीची काच खाली केली.
डोळे पुसलेले, नाक लाल.
"मामा, तेव्हा तुम्ही काय?"
मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
मी खिडकीत वाकलो
आणि त्या दोघांना सांगितलं.

कूलरचं मात्र
कार्यालयवाल्याला सांगायचं राहिलं.